नाक उत्तरेला

गुरुदास, गाडी विकली.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तू मध्येच विचारणार, "ता सगळा ऱ्हवांदे, गाडीचा काय केलंस?" आणि माझी गजाल तिथेच अडकणार. तू असताना माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली नाहीस. आता तुला इलाज नाही. मी बोलणार आणि तू ऐकणार. साडूसाडूंच्या नात्यात हा योग सहसा येत नाही, आणि आला तो असा.

लोक विचारतात, तुमचे कोण गेले? मी म्हणतो, साडू. समोरचा "अरेरे" म्हणतो आणि पावसाकडे वळतो. भाऊ गेला म्हटलं तर माणूस खुर्ची ओढून बसतो, मित्र गेला म्हटलं तर निदान खांद्यावर हात ठेवतो. साडूसाठी रिवाज असा काही नाही. दोन बहिणींनी दोन घरं मांडली म्हणून एकमेकांच्या वाट्याला आलेले दोन पुरुष, एवढीच आपली सरकारी ओळख. त्या ओळखीवर किती भांडलो आपण!

जन्मभर तू खाणीचा ट्रक चालवलास. डिचोलीच्या डोंगरावर खनिज भरायचं, नदीच्या धक्क्यावर ओतायचं, रिकामं होऊन पुन्हा डोंगर चढायचा. त्याच एका रस्त्यावर तू एवढा फिरलास की सरळ रेषेत गेला असतास तर काशी करून परत आला असतास. पण काशी सोड, बेळगावसुद्धा तू लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर तेवढं पाहिलेलं. मधूनच नार्व्याला आमच्या दाराशी ट्रक उभा करायचास, भुवयांपर्यंत खनिजाच्या धुळीने तांबडा झालेला, आणि मेव्हणीला, मंगलला, सांगायचास, "चाय दी गे. तुझ्या घोवाक उठव नको." मी झोपलेला नसे. मी वीज खात्याच्या फाइली घरी आणून वाचत असे. तुझ्या मते त्यात फरक नव्हता, आणि माझ्या साहेबाचंही मत तेच होतं.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक गेला. मी निवृत्त झालो. आणि एका सकाळी तू आमच्या दारात आलास तो म्हापशाच्या एका पोदेराची जुनी व्हॅन घेऊन. इतकी वर्षं तिच्यातून पाव घरोघर गेलेला. दार उघडलं तर आत नुसता ताज्या उंड्यांचा वास आणि कोपऱ्याकोपऱ्यातून पिठाच्या मागे लागलेल्या मुंग्यांच्या रांगा.

"हे काय?" मी विचारलं.

"घर," तू म्हणालास. "हय दोन खाटी बांधूया. एक माझी, एक तुझी. थय शेगडी. बायकांक सांगूया देवाक जातंव, आणि जाऊया खंय गाडी जाता थय."

"बायकांना का नाही न्यायचं?"

"तुझ्या ताईक मोप्याच्या चढणीर गाडी लागता. तुझी बायल तुका कंटाळलेली आसा. मगे उरलो कोण?"

या कामात माझा वाटा काय, ते मी प्रामाणिकपणे सांगतो: मी आराखडा काढला. तुझ्या खळ्यात, पेडण्याच्या त्या उन्हात, फणसाच्या सावलीला खुर्ची टाकून मी कागदावर आपलं घर रेखलं. उशाशी एक जनेल हवं होतं, तोंडावर वारा यावा म्हणून. पत्र्यावर खूण करायचा मान तू मला दिलास. माप मागच्या दारापासून घ्यायचं होतं, ते मी इंजिनापासून घेतलं. तू विश्वासाने पत्रा कापलास. खाट बसवल्यावर तू आडवा झालास आणि म्हणालास, "अन्ता, वारो पायांक लागता रे."

"पायांना घाम येतो," मी म्हटलं.

"तुझ्या मेंदवाक येता तो."

जनेल तसंच राहिलं. कापलेला पत्रा काही परत शिवता येत नाही.

पण खरं भांडण जनेलाचं नव्हतं. खरं भांडण उशाच्या फळीचं. फणसाची फळी घासूनपुसून तू उशाशी तिरकी बसवलीस, आणि ती स्क्रूने नव्हे, बोल्टांनी आवळलीस. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही हे तुझं व्रत. दुसरं कुठलं व्रत तू पाळल्याचं मला आठवत नाही, एकादशीलासुद्धा तू बांगडा कुठे मिळेल याची चौकशी करायचास. पण माथा उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला, आणि ते मेलेल्या माणसाचं झोपणं. म्हणून आपण फार विचारपूर्वक काम केलं. मी फोनवर होकायंत्र लावलं. खळ्यात गाडीचं नाक उत्तरेला होतं. मग उसं मागच्या दाराकडे, म्हणजे दक्षिणेला. दोघांनी एकमेकांकडे समाधानाने बघितलं. तू बोल्ट आवळलेस. तुझ्या बायकोने, आमच्या ताईने, चहा आणला.

दोन शहाणे, वय झालेले, एकाने जन्मभर गाडी चालवलेली, दुसऱ्याने जन्मभर नकाशे मंजूर केलेले. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही वस्तू वळते.

ते आलं केरीला. पहिली फेरी म्हणून आपण दुपारचं जेवण बांधून केरीच्या किनाऱ्यावर गेलो. खाडीचं पाणी दिसावं म्हणून तू गाडी पाठीमागे घेतलीस, मागचं दार पाण्याकडे उघडलंस. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, अलीकडे सुरूची झाडं. आपण जेवलो. तू आडवा झालास आणि लगेच ताडकन उठलास.

"अन्ता, खाडी खंयच्या दिशेक?"

"उत्तरेला," मी म्हटलं. आणि म्हणताम्हणताच माझी नजर तुझ्या उशाच्या फळीकडे गेली.

तू त्या दुपारी झोपला नाहीस. गाडी फिरवायला घेतलीस आणि मागचं चाक वाळूत रुतवलंस. कोकम सोडा विकणारी एक बाई, दोन मासेमार आणि कुठल्या तरी परमुलखातलं एक जोडपं, एवढ्यांनी मिळून आपल्याला ढकललं. मासेमाराने विचारलं, "बरी लायल्ली मरे गाडी, कित्याक फिरयली?" तू म्हणालास, "माथो उत्तरेक येतालो." त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं. परमुलखातल्या जोडप्याला मी समजावून सांगायला गेलो आणि त्यांना वाटलं मी त्यांना किल्ल्याची वाट दाखवतोय. ती दोघं फेरीबोटीकडे निघून गेली.

त्या दिवसापासून तुझा नियम झाला. गाडी जिथे जाईल तिथे नाक उत्तरेला करूनच उभी राहणार.

"रस्ता पूर्व-पश्चिम असला तर?"

"आडवी लावतलंय."

"लोक शिव्या देतील."

"तू आसस मरे खावंक."

मी सुचवलं, फळी सुटी करू, पाहिजे त्या बाजूला लावू. तू म्हणालास, फिरती उशी बसस्टँडावर झोपणाऱ्यांची. मग मी माझी खरी योजना मांडली. माझी खाट अजून बांधायची होती, नुसता सांगाडा उभा होता. मी म्हटलं, माझं उसं तुझ्या उलट्या बाजूला कर. गाडी दक्षिण-उत्तर कशीही उभी राहिली तरी एकाचं डोकं बरोबर दिशेला असेल. तो झोपेल.

"आणि दुसरो काय करतलो?"

"बसून गजाली सांगेल."

मला वाटलं, जिंकलो. मोप्याच्या पठारावर उतरायला निघालेलं एक विमान तेवढ्यात डोक्यावरून गेलं. तू बोट वर केलंस. "ता बघ. तेची धावपट्टी बांधताना वाऱ्याची दिशा बघल्यांनी. शिकलेल्या लोकांनी बघल्यांनी. थय तू हसलंस? मी माथ्याची बघितली तर तुका हसाक येता." मला उत्तर नार्व्याला परत येताना बसमध्ये सुचलं. पुढच्या रविवारी सांगायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

तो रविवार आला नाही. गुरुवारी दुपारी तू जेवून सोप्यावर बसलास आणि ताई पान घेऊन आली तेव्हा तू नव्हतास.

आता एक गोष्ट, जी मी मंगललासुद्धा नीट सांगितलेली नाही. तुला आत जमिनीवर ठेवायचं होतं. लोक गोंधळलेले. कुणी म्हणालं, दिशा कुठली? मी निवृत्त अधिकारी, मी पुढे झालो. जनेलातून खळ्यात बघितलं. गाडी होती, नाक उत्तरेला. मग विचारायचं काय? "माथा इकडे," मी ठणकावून सांगितलं, आणि तुला गाडीतल्या खाटीला समांतर असं अगदी बरोबर ठेवायला लावलं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. उशाशी हात फिरवून बघितला, फळी नव्हती, म्हणून जरा चुकल्यासारखं वाटलं.

तुमचे म्हातारे चुलते, आबा, काठी टेकत आले. बघितलं. "रे, कोणी ठेवलो ह्याका असो? दक्षिणेक पाय व्हयेत. हो आता झोपाक नाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला खरंच समजलं नाही की काय चुकलं. माझे हात तुला झोपवायचं तेवढं शिकले होते.

मग आपण तुला फिरवलं. म्हणजे आम्ही. पाय मी धरले होते. आणि फिरवताना मनात एकच, की तू आता डोळे उघडणार आणि म्हणणार, "अन्ता, ह्या दुसऱ्यांदा!" केरीच्या वाळूत ढकलणारी माणसं तरी जास्त होती.

बारावं झाल्यावर ताईने मला बाजूला बोलावलं. "भावोजी, ती गाडी विकून टाका."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मी पहिल्यापासून पटाईत. आणि मग ती विकली जाऊ नये यासाठी मी जे काही केलं, ते तुला आवडलं असतं.

पहिला आला तो म्हापशाचा दलाल. त्याला आतलं सगळं उखडून पुन्हा माल वाहायला गाडी हवी होती. मी त्याच्याशी इंजिनाविषयी बोललो. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण आवाज खाली आणून "वरून तेल पिते" म्हटलं की पुरतं. दुसरा विमानतळाजवळ चहाचं दुकान काढणार होता. त्याला मी मुंग्या दाखवल्या. त्या पिठाच्या मुंग्या आहेत आणि निरुपद्रवी आहेत हे सांगितलं नाही. तिसऱ्याला जनेलाचं भोक दाखवून म्हटलं, अपघातातली असावी.

तिसरा गेला तशी ताई सोप्यावरून खाली आली. तुझी बायको कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिची जास्त भीती वाटते.

"तुमी गाडी विकतास, की तिची निंदा करतास?"

मी म्हटलं, "ताई, योग्य माणूस मिळायला हवा ना."

"सकाळी दार उघडलंय की तिचा नाक दिसता," ती म्हणाली. "हे सकाळची चाय गाडीत बसान घेयत. नाक दिसला की माझो हात दोन कप काढता. रोज. एक मी परत ठेवतंय. तुमी रविवारी येतास आणि रविवारी जातास. माका ह्या रोजचा आसा."

ती सोप्याकडे वळली आणि पायरीवर थांबली.

"आणि आयका. हेंका खंय जावचा नाय होता. ट्रकात बसान बसान हेंची कंबर गेल्ली. म्हणायचे, माझो साडू निवृत्त जालो, आता भिंतीकडे बोलतलो. तेका हलवूक व्हयो. म्हणान ती गाडी."

मी खुर्चीवर बसलो, तीच फणसाखालची. गुरुदास, तू मला हे सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी आणखी भांडलो असतो, पण वेगळ्या सुरात. निवृत्तीनंतरच्या त्या दिवसांत मी खरंच भिंतीशी बोलत होतो. भिंत उलट उत्तर देत नव्हती एवढाच तिचा दोष. मग तू आलास, पावाच्या वासाचा, आणि माझं एकही वाक्य तू पुरं होऊ दिलं नाहीस. मला वाटायचं, हा माणूस मला बोलू का देत नाही? मी बोलत राहावं म्हणूनच तू मध्ये तोंड घालत होतास, हे मला आता तुझ्या बायकोने सांगावं लागलं.

चौथ्यांदा मी गाडीची निंदा केली नाही. बांद्याकडचं एक जोडपं आलं होतं. दोघं जत्राजत्रांतून गुळात घोळलेलं खाजं विकतात. जत्रा संपली की पुढच्या गावाची वाट, मिळेल त्या देवळाच्या ओसरीवर झोप. नवरा टायर बघत होता. बाई सरळ आत गेली, तुझ्या खाटीवर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. मी दारात उभा. मग तिने मान वळवली.

"दादा, माथो हयच करूचो?"

"होय."

"फळी घट्ट आसा."

माझी वेळ आली होती. तू नाहीस, अडवणारं कोणी नाही. मी म्हटलं, "बोल्ट काढून फळी सुटी करता येते. पाना देतो मी. कुठल्याही बाजूला लावा."

"नको, नको," ती उठून बसली. "सुटी उशी जत्रेत हरावता. ही बरी आसा. आता गाडीचा नाक खंय? उत्तरेक? मगे गाडी सदीच उत्तरेक नाक करून लावूची, म्हंजे झाला."

नवरा टायरमागून बोलला, "जत्रेत? आडवी? लोक मारतीत गे."

"मारूंदीत. तू भायर हुबो ऱ्हव."

मागे काहीतरी आवाज झाला. वळून बघितलं तर ताई सोप्यावर कपांचा ट्रे घेऊन उभी होती, आणि पदर तोंडावर धरून हसत होती. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजत होते. तू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसताहसता ती तशीच आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

खाजेवालीला माझं जनेलही पसंत पडलं. खाटीच्या पायथ्याशी बसलं की ते बरोबर हाताच्या उंचीवर येतं. "हय बसान खाजा विकूक किती बरा!" ती म्हणाली. "कोणी केल्यान ह्या? डोक्यान केलला आसा." मी नम्रपणे खाली बघितलं. तुझी बाजू घेणारं तिथे कोणी नव्हतं.

गाडी खळ्याबाहेर पडताना वळली. मी बघत होतो. नाक पूर्वेला, मग आग्नेयेला, मग रस्त्याला लागून सरळ दक्षिणेला. म्हणजे उसं उत्तरेला. खाटीवर कोणी नव्हतं, तरी मी दोन पावलं पुढे धावलो. खळ्यात तिची जागा राहिली, आजूबाजूपेक्षा फिकट. ताईने दुसऱ्याच दिवशी तिथे शेण सारवलं आणि नाचणी वाळत घातली.

परवा आमच्या डिचोलीकडची एक जत्रा होती. मंगल ओटी भरायला देवळात गेली आणि मी संध्याकाळच्या उजेडात दुकानांच्या बाजूने चालत राहिलो. वाटेच्या कडेला गाड्या ओळीने, एकीला लागून एक, शाळेतल्या मुलांसारख्या. आणि मध्येच एक आडवी. मागचा भाग अर्ध्या वाटेवर आलेला. रिक्षा अडलेल्या, स्कूटरवाले हॉर्न मारतायत, पालखीच्या वाटेची काळजी करणारा एक स्वयंसेवक शिट्टी फुंकून लाल झालेला. फोन काढायची गरज नव्हती. नाक उत्तरेला होतं.

जनेलात ती बसलेली, कागदाच्या पुड्या बांधत. आतून गुळाचा आणि आल्याचा वास. माझ्या खाटीच्या सांगाड्यावर त्यांनी पिठाचे डबे रचले होते. मी तसा बघत उभा राहिलो, आणि नुसता बघत उभा राहिलेला माणूस मालक दिसतो.

"गाडी तुमची?" स्वयंसेवक माझ्यावर आला.

मागून कोणीतरी स्कूटरवरून आईबापांसकट माझा उद्धार केला. तू म्हणाला होतास ना, तू आहेस खायला.

"आमची," मी म्हटलं.

"मगे सरळ लाया मरे ती!"

"सरळच आहे," मी म्हटलं.